बोटीवर अडकलेली खुर्ची

माझ्या मावशीचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि बाकी सगळे लिफ्टवाले. तीसेक इमारती त्यांच्याकडे होत्या आणि प्रत्येक लिफ्टचा आवाज त्यांना पाठ होता. फोनवर कुणी तक्रारीचं पाल्हाळ लावलं, की ते म्हणत, "तुम्ही बोलू नका, फोन लिफ्टच्या दाराशी धरा." दोन मजल्यांचा आवाज ऐकला की कुठे काय झिजलंय ते सांगून मोकळे. राहायचे मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. कुणी छेडलंच तर म्हणत, "घरी तरी कामाची कटकट नको."

माझे बाबा त्यांचे साडू. बाबांचं बाथरूमच्या फरशांचं दुकान होतं आणि ते बरं चालायचं. बाबांना वस्तू घ्यायचा नाद होता. नाद म्हणजे, वापरायचा नव्हे, फक्त घ्यायचा. चार दुकानं पालथी घालायची, विकणाऱ्याच्या तोंडाला फेस आणायचा, मग खोकं घरी आलं की सगळ्यांना बोलावून उघडून दाखवायचं. आई म्हणायची, यांचा आनंद एकोणीस दिवस टिकतो. तिने तो फ्रिजच्या वेळी मोजला होता. विसाव्या दिवशी बाबा फ्रिजसमोर उभे राहून म्हणाले होते, "जरा लहानच झाला, नाही का गं?"

खोकं उघडायच्या समारंभाला काका आणि मावशी हक्काचे पाहुणे. मावशी एका कपड्यांच्या दुकानात कपडे कमी-जास्त करून द्यायची. पँटी आखूड करणं, कोटाच्या बाह्या लांब करणं असली कामं. दिवसभर मान मोडून ती आमच्याकडे यायची, दोन तास नव्या वस्तूचं तोंड भरून कौतुक करायची आणि घरी जाताना वाटेत अवाक्षर काढायची नाही. काका तिच्या बाजूने चालत तिच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ लावायचे. अर्थ एकच निघायचा: हिलाही ते हवंय.

मग सहा महिन्यांनी काकांच्या घरी फ्रिज यायचा, आमच्यापेक्षा एक बोट उंच. आमच्याकडे कातडी सोफा आला, तसा त्यांच्याकडेही आला. दोन खोल्यांच्या घरात तो असा बसला की घरच्यांनी कुठे बसायचं हा प्रश्न पडला. वर मावशीने त्याला प्लास्टिकचं आवरण घातलं, कारण इतका महाग सोफा खराब झाला तर काय. त्या आवरणावर बसलं की माणूस घसरत घसरत जमिनीकडे जायचा. काका शेजारी स्टूल ठेवून त्यावर बसायचे आणि सोफ्याकडे बघायचे. मी एकदा विचारलं, "काका, सोफ्यावर का नाही बसत?" तर म्हणाले, "त्याची सवय नको लागायला."

तर अशा काकांना नोकरीची पंचवीस वर्षं झाली म्हणून कंपनीने एकरकमी बक्षीस दिलं. तेव्हा मी कॉलेजात होते. त्याच महिन्यात आमच्याकडे मालिश करणारी खुर्ची आली होती. काळी, दांडगी, बटण दाबलं की आतून मुठी फिरायच्या. पहिल्या दिवशी बाबा तीत तासभर बसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मान डावीकडे वळेना. पण पाहुणे उजव्या हाताला येतील असे ते बसले आणि म्हणाले, "हलकं वाटतं. अगदी कापसासारखं." मावशीही बसून उठली, छान म्हणाली आणि नेहमीप्रमाणे गप्प घरी गेली.

आठवड्याने काका बाबांना म्हणाले, "साडूभाऊ, ती खुर्ची कुठून घेतलीत?"

बाबांचा चेहरा उजळला. दुसऱ्याच्या खरेदीत त्यांना स्वतःच्या खरेदीच्या निम्मा तरी आनंद व्हायचा. त्यांनी दुकानाचा पत्ता दिला, भाव किती पाडायचा ते सांगितलं आणि बरोबर यायची तयारीही दाखवली. पण ऐन वेळी फरशांचा ट्रक आला, म्हणून काका एकटेच गेले.

खुर्च्यांचं दुकान एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. काका लिफ्टपाशी गेले, बटण दाबलं, लिफ्ट हलेना. दारावर कान ठेवला तर वरून गाण्याचा आवाज. वाऱ्यासारखा नाही, रेडिओसारखा नाही, चांगला भरलेला, गोल, लाकडी आवाज. काका पायऱ्यांनी वर गेले. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि आत कुणीतरी क्लॅरिनेट वाजवत होतं.

"आत कोण आहे?" काकांनी विचारलं.

वाजणं थांबलं. एका म्हाताऱ्या बाईचा शांत आवाज आला. "मी आहे. अर्धा तास झाला. हाका मारायला माझा घसा चांगला नाही, म्हणून म्हटलं वाजवूया."

"घाबरू नका. मी लिफ्टवालाच आहे."

"मी कुठे घाबरलेय? पण तुम्हाला वेळ लागणार असेल तर मी हे पुरं करते."

काकांनी वर जाऊन हाताने मोटर फिरवली, लिफ्ट चौथ्या मजल्याला लावली, दार उघडलं. खरं तर हे दहा मिनिटांचं काम, पण त्यांनी पंचवीस मिनिटं लावली. त्या बाईंचं वाजवून पुरं व्हायचं होतं, हे त्यांनी मला पुढे कबूल केलं.

बाई चौथ्या मजल्यावरच राहायच्या. चाळीस वर्षं एका बँडमध्ये वाजवून निवृत्त झाल्या होत्या आणि आता शिकवण्या घ्यायच्या. त्यांनी काकांना चहाला बसवलं. काकांनी ते वाद्य हातात घेऊन पाहिलं, चाव्या दाबून पाहिल्या, त्यांच्या खालच्या बारीक स्प्रिंगा पाहिल्या. लिफ्टवाल्याला यंत्र बघितलं की राहवत नाही. मग बाई म्हणाल्या, "फुंकून बघा." काकांनी फुंकलं. जो आवाज निघाला त्याने बाईंची मांजर पलंगाखाली गेली. पण काका सांगायचे, तो आवाज त्यांच्या दातांतून, कवटीतून, थेट पाठीच्या मणक्यापर्यंत गेला. मालिश तर मालिश.

काका खुर्चीच्या दुकानात गेलेच नाहीत. बाईंकडे एक जादा क्लॅरिनेट होतं. ते आणि वर्षभराची शिकवणी, असे खुर्चीचे सगळे पैसे त्यांनी तिथेच देऊन टाकले. पन्नाशी उलटलेला माणूस, बायकोला न विचारता, खुर्चीचे पैसे देऊन फुंकायची नळी घेऊन निघालेला.

घरी मावशीने विचारलं, "कधी येतेय खुर्ची?"

सरळ सांगून टाकायची ती वेळ होती. पण काकांनी बघितलं तर खिडकीजवळचा कोपरा रिकामा झालेला. मावशीने आपलं शिलाई मशीन तिथून ढकलत ढकलत दाराशी नेलं होतं आणि फरशी पुसून ठेवली होती. ते म्हणाले, "परदेशातून यायची आहे. बोटीने."

आता या थापेचं आयुष्य पाच-सात दिवसांचं होतं. काकांना थापा मारायची सवयच नव्हती. पण तिला जगवलं माझ्या बाबांनी. बाबांना जगातल्या कुठल्याही विषयाची माहिती असायची, म्हणजे तसं ते म्हणायचे. बोटीने येणार म्हटल्यावर ते खुलले. महिना झाला तेव्हा त्यांनी मावशीला समजावलं, बंदरात बोटींची रांग लागते, बाहेर आठ-आठ दिवस उभं राहावं लागतं. दोन महिने झाले तेव्हा समुद्रातले प्रवाह सांगितले. तिसऱ्या महिन्यात टेबलावर मीठदाणी, चमचे आणि आईचा चष्मा मांडून बोटीचा मार्ग दाखवला. काका मान खाली घालून मीठदाणीकडे बघत होते. मी समोरच होते. मला तेव्हा वाटलं, बिचाऱ्यांना खुर्चीची फार ओढ लागलीय.

इकडे रियाजाचं काय करायचं हा प्रश्न होता. घरी शक्यच नव्हतं. बाईंकडे आठवड्यातून एकदाच. मग काकांना जागा सापडली. त्यांच्या इमारतींपैकी एक नऊ मजली होती, तिच्या गच्चीवर लिफ्टची मशीनरूम. जाड भिंती, लोखंडी दार, किल्ली फक्त काकांकडे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लिफ्टही फारशी चालत नाही. काका डबा आणि क्लॅरिनेट घेऊन तिथे जायला लागले.

एवढं लिफ्टचं ज्ञान असलेला माणूस, पण एक साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. मशीनरूमच्या फरशीला भोकं असतात. लिफ्टचे लोखंडी दोर त्यांतूनच खाली जातात. काका वर फुंकायचे आणि आवाज त्या भोकांतून उतरून नऊ मजल्यांच्या उभ्या पोकळीत घुमायचा. मजल्यामजल्यावर लिफ्टच्या दारातून बाहेर पडायचा.

पहिली तक्रार पाचव्या मजल्यावरून आली. लिफ्ट कण्हते. दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने लिफ्ट सोडून पायऱ्या धरल्या. सातव्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, कण्हत नाही, ती बदकासारखी ओरडते. सेक्रेटरींनी कंपनीला फोन केला आणि कंपनीने, अर्थातच, काकांना पाठवलं.

काका हत्यारांची पेटी घेऊन गंभीर चेहऱ्याने गेले. लिफ्टमधून दोनदा वर-खाली झाले. सेक्रेटरी बरोबर.

"आता येत नाही हो आवाज," सेक्रेटरी म्हणाले. "नेमका दुपारी येतो. एक ते पावणेदोन."

"हवा," काका म्हणाले. "दुपारी हवा तापते."

तक्रारवहीत त्यांनी लिहिलं, 'तेल घातले.' आणि दुसऱ्या दिवसापासून मशीनरूमच्या दारातल्या फटीत चिंध्या कोंबून वाजवायला लागले. फरशीची भोकं त्यांच्या डोक्यात तरीही आली नाहीत. किंवा आली असतील आणि त्यांनी येऊ दिली नसतील. यावर ते मला कधी नीट उत्तर देत नसत.

गंमत अशी, की तेल घातल्यावर लिफ्ट सुधारली. म्हणजे काका सुधारले. कण्हणं थांबून सूर लागायला लागला. इमारतीत दोन तट पडले. एक तट म्हणायचा, लिफ्ट बदला. दुसरा म्हणायचा, आधीपेक्षा बरीच बरी आहे, राहू द्या. आठव्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहायच्या. त्या दुपारी लिफ्टच्या दाराशी खुर्ची टाकून बसायला लागल्या. त्यांनी सेक्रेटरींना चिठ्ठी पाठवली, 'लिफ्टचा चौथा सूर थोडा खाली उतरतो. कृपया लक्ष घालावे.' सेक्रेटरींनी ती कंपनीला पाठवली, कंपनीने काकांना. काकांनी क्लॅरिनेटच्या बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. ओठ सैल पडतोय तुमचा." वहीत काकांनी लिहिलं, 'चौथा सूर घट्ट केला.' कंपनीत ते कुणी वाचलं नाही.

पाचव्या महिन्यात बाबांचा धीर सुटला. काकांचा नव्हे, बाबांचा. इतक्या दिवसांत बोट येत नाही म्हणजे काय. त्यांच्या शब्दावर साडू त्या दुकानात गेलेला. ते तणतणत खुर्चीच्या दुकानात गेले आणि मालकाला फैलावर घेतलं. मालकाने वही उलटीपालटी केली. या नावाचं गिऱ्हाईकच आलेलं नाही. आणि खुर्च्या बोटीने येत नाहीत, मागच्या गल्लीत जोडतात.

हे दुसरं बाबांना जास्त लागलं. त्यांनी तिथूनच काकांच्या कंपनीत फोन केला. उत्तर मिळालं, ते नऊ मजलीला गेलेत, आवाजाच्या तक्रारीसाठी. बाबा तिकडे. फाटकाशी सेक्रेटरी भेटले. "तुम्ही पण लिफ्ट ऐकायला आलात का?" त्यांनी विचारलं. बाबांना काही कळेना. ते लिफ्टमध्ये शिरले, नववा मजला दाबला आणि दार बंद झाल्यावर डोक्यावरून, चहूबाजूंनी, क्लॅरिनेट वाजायला लागलं. बाबांनी मला हे तीनदा सांगितलंय आणि तिन्ही वेळा सांगताना छताकडे बघितलंय.

गच्चीवरचं लोखंडी दार ढकललं तर आत काका. उलट्या बादलीवर बसलेले, शेजारी उघडा डबा, गाल फुगलेले, डोळे मिटलेले. बाबा उभे राहिले. काकांनी डोळे उघडले.

"खुर्ची कुठाय?" बाबांनी विचारलं.

काकांनी क्लॅरिनेट वर करून दाखवलं.

"पाच महिने मी त्या बोटीचे प्रवाह सांगतोय."

"तुम्ही सांगत होतात, साडूभाऊ. मी फक्त बोट म्हणालो होतो."

बाबा दुसऱ्या बादलीवर बसले. खूप बोलायचं ठरवून आले होते, पण निघालं भलतंच. "आणि हे कधी घेतलंत?"

"त्याच दिवशी."

"पाच महिने झाले," बाबा म्हणाले. "अजून आवडतंय?"

"कालच्यापेक्षा आज जास्त."

"खरं सांगताय?"

"परवा एक सूर लागला," काका म्हणाले, "तो लागायला सात आठवडे गेले. लागला आणि मी डबा खायचा विसरलो."

बाबा त्या काळ्या नळीकडे बघत राहिले. ती जुनी होती, कुणाला बोलावून दाखवण्यासारखी नव्हती आणि दाखवलीही नव्हती. ते मला नंतर म्हणाले, "दाखवल्याशिवाय आनंद होतो हे मला माहीतच नव्हतं गं." हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले, की मी थट्टा करायचं विसरले.

बाबांच्या पोटात तीळ भिजत नाही. पण हे गुपित त्यांनी राखलं. साडूवर प्रेम होतं म्हणून नव्हे. चमचे आणि चष्मा मांडून सांगितलेली बोट आता कशी बुडवायची, या शरमेने. उलट त्यांनी रविवारी जेवताना स्वतःहून विषय काढला. "वादळ आलंय. बोट दुसऱ्या बंदराला वळवली."

मावशीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "भाऊजी, त्या बोटीचं नाव काय?"

"समुद्रराणी," बाबा म्हणाले.

आणि त्याच क्षणी काका म्हणाले, "उत्तरतारा."

आई माझ्याकडे बघायला लागली, मी भाजीकडे. बाबा म्हणाले, "मध्ये बदलली असेल बोट," पण आवाजात दम नव्हता.

मावशीने पदराच्या टोकाला बांधलेली गाठ सोडली आणि आतून वेताची एक पातळ पट्टी काढून मीठदाणीशेजारी ठेवली. क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावतात ती. "ही तुमच्या पँटच्या खिशात सापडली. दुकानात दिवसाला चाळीस पँटी माझ्या हाताखालून जातात, खिशात काय काय निघतं. हे कधी निघालं नव्हतं. मी शेजारच्या संगीताच्या मास्तरांना दाखवलं."

काकांनी सगळं सांगितलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या बाई, मांजर, बादली, चौथा सूर. एकही गोष्ट लपवली नाही. मावशी ऐकत होती. मला वाटलं आता ती हसेल. ती हसली नाही.

"माझं मशीन पाच महिने दाराशी आहे," ती म्हणाली. "येणारा-जाणारा धक्का देऊन जातो. उजेड नाही. सुईत दोरा घालायला मला जिन्यात जावं लागतं. त्या खुर्चीसाठी."

"चुकलं माझं," काका म्हणाले. "पण तुला हवी होती म्हणून..."

"मी म्हटलं कधी?"

"ताईंकडून आलीस की गप्प असायचीस. वाटभर."

"गप्प असायचे, कारण दोन तास कौतुक करून माझे गाल दुखायचे," मावशी म्हणाली. मग आईकडे वळून, "ताई, राग मानू नकोस."

"माझेही दुखतात," आई म्हणाली. "मला तर रोज करावं लागतं."

बाबा जेवणावर एकाग्र झाले. काका मात्र हिशेब लावत होते, आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता: म्हणजे फ्रिजही नको होता. सोफाही नको होता. एवढी वर्षं आपण बायकोच्या दुखऱ्या गालांसाठी वस्तू आणत होतो.

"मग तुला काय हवं होतं?" त्यांनी विचारलं.

"ते सांगायला आधी कुणी मला विचारावं लागतं," मावशी म्हणाली, "आणि आता मी विचार करून सांगेन. तोवर तुम्ही संध्याकाळी त्या कोपऱ्यात उभं राहून वाजवायचं. खुर्ची येणार म्हणून मी तो रिकामा केलाय, आता तिथे काहीतरी यायला हवं."

तिने महिनाभर ही शिक्षा चालवली. काका कामावरून आले, हात धुतले, की कोपऱ्यात. मावशी दाराशी बसून शिवायची, आणि सूर चुकला की मशीन थांबवायची. बोलायची नाही, फक्त थांबवायची. काका सांगायचे, बाई परवडल्या. वरच्या मजल्यावरचे शेजारी आधी काठी आपटायचे. मग त्यांनीही सोडून दिलं.

महिन्याने मावशीने आपलं मागणं सांगितलं. दुकानात शनिवारी दुपारनंतरची पाळी तिला सोडायची होती. पगार थोडा कमी होईल, होऊ दे. "आणि त्या वेळात करणार काय?" काकांनी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. कातडी सोफा तिने प्लास्टिकसकट विकला. घेणाऱ्याला तो नवाकोरा वाटला, आणि तो होताही. मशीन परत खिडकीशी गेलं. सोफ्याच्या जागी सतरंजी आली, आणि शनिवारी दुपारी मावशी तिच्यावर उताणी पडून, पाय स्टुलावर टाकून, जुनी मासिकं वाचायची. मी एकदा त्या वेळी गेले तर म्हणाली, "आत ये, पण मला उठवू नकोस. मी पगार देऊन पडलेय."

कंपनीचं प्रकरणही मिटवायला लागलं, कारण ते एक दिवस स्वतःहून फुटणारच होतं. वरिष्ठ इंजिनियर आवाज मोजायचं यंत्र घेऊन येणार असं ठरलं, तेव्हा काका आदल्या दिवशीच साहेबांकडे गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. साहेबांनी तक्रारवही मागवली. पानं उलटत गेले. 'चौथा सूर घट्ट केला' इथे ते थांबले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. काकांना लेखी ताकीद मिळाली आणि ती इमारत त्यांच्याकडून काढून दुसऱ्याला दिली. साहेबांनी वहीत शेवटची नोंद स्वतःच्या हाताने केली, 'दोष दूर करण्यात आला.' पंधरा दिवसांनी मुख्याध्यापिकांची चिठ्ठी आली, की लिफ्ट आता नुसतीच वर-खाली जाते, यापूर्वीची व्यवस्था अधिक समाधानकारक होती.

राहिले बाबा. काकांच्या आनंदाचं रहस्य त्यांना कळलं होतं, निदान तसं त्यांना वाटलं. त्यांनी सॅक्सोफोन आणला. सोनेरी, आतून मखमल लावलेल्या पेटीतला, क्लॅरिनेटच्या चौपट मोठा. आम्हा सगळ्यांना बोलावलं. पेटी उघडली. काकांनी मनापासून तारीफ केली, मावशीने एक वाक्य बोलून गालांना विश्रांती दिली. बाबा दोन शिकवण्यांना गेले. तिसरीला दुकानात माल आला, चौथीला सर्दी झाली. विसाव्या दिवशी ते सॅक्सोफोनकडे बघत म्हणाले, "जरा मोठाच झाला, नाही का गं?" तो दिवाणखान्यात भिंतीला टांगला गेला आणि तिथेच राहिला.

तरीही काहीतरी बदललं होतं. कारण बाबा बुधवारी संध्याकाळी काकांकडे जायला लागले. काहीही न घेता, काहीही न दाखवता. सतरंजीवर बसायचे, भिंतीला पाठ टेकायचे आणि काका वाजवतील ते ऐकायचे. त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आठवा, नववा, दहावा बुधवार झाला तरी ते जात राहिले. आईने मोजायचं सोडून दिलं.

दोन वर्षांनी बाईंनी आपल्या जुन्या बँडमध्ये काकांना शेवटच्या रांगेत बसवलं. बागेत संध्याकाळचा कार्यक्रम, लोखंडी खुर्च्या, शंभरेक माणसं. एका लांबलचक रचनेत काकांच्या वाट्याला शेवटी फक्त अकरा सूर होते. त्याआधी बराच वेळ त्यांनी मनात ताल मोजत गप्प बसायचं होतं. आम्ही दुसऱ्या रांगेत. बाबा ओठ हलवत काकांबरोबर मोजत होते, आणि मला वाटतं तेच चुकले, कारण त्यांनी जोरात मान हलवली आणि काकांनी त्यांच्याकडे बघून फुंकलं. एक ठोका आधी.

एकटा सूर बागेवरून गेला, स्वच्छ आणि चुकीचा. आमच्या पुढच्या रांगेत काकांच्या बाई बसल्या होत्या, त्यांनी मान वळवली. काका थांबले, लाल झाले आणि मग बाकीच्यांबरोबर उरलेले दहा सूर नीट वाजवले.

कार्यक्रम संपल्यावर ते वाद्य पुसत आमच्याकडे आले. बाबा म्हणाले, "अप्रतिम. कुणाला काही कळलं नाही."

"मला कळलं," मावशी म्हणाली.

"कळणारच," काका म्हणाले. ते हसत होते, आणि हसताना त्यांच्या ओठावर वेताच्या पट्टीचा वळ दिसत होता. "पण लागला कसा होता?"

मावशीने खरंच क्षणभर विचार केला. "लागला चांगला होता," ती म्हणाली. "चला आता, मला भूक लागलीय. आज बाहेर जेवायचं, आणि भाऊजी, तुम्ही कुणाला काही दाखवायचं नाही."